पहिला खर्डा

कस्तुरी बिराजदारच्या 'माझे वडील' या निबंधाला शंभरपैकी एक्क्याण्णव गुण पडले, त्या दिवशी शैलजाबाई मगदूम यांनी तिला वर्गासमोर उभं केलं आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगितल्या. सातवी 'ब'मधली बासष्ट मुलं टाळ्या वाजवत होती आणि कस्तुरी खाली बघून पाटीच्या कडेवरून अंगठा फिरवत होती. जूनमध्ये या मुलीला पस्तिशीच्या पुढं जाता येत नव्हतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना का होईना, आपल्या हातून काहीतरी धड झालं, असं बाईंना वाटलं.

शाळा नगरपालिकेची होती. शहर यंत्रमागाचं. तीन शाळा बंद करून त्यांची मुलं या एका इमारतीत आणली होती, आणि मराठीच्या दोन जागा रिकाम्याच होत्या. बाईंकडे चार वर्ग, म्हणजे अडीचशे मुलं. इतक्या मुलांचे निबंध एका माणसानं वाचायचे कधी? म्हणून निबंध तपासणारं 'सुबोध' हे यंत्र आलं तेव्हा तक्रार कुणीच केली नाही.

प्रत्येक मुलाला विजेवर चालणारी एक पाटी मिळाली. तिच्यावर पेनानं लिहायचं. लिहिलेलं सुबोध वाचायचा, कच्च्या वाक्यांखाली पिवळी रेघ ओढायचा आणि कडेला बारीक अक्षरांत प्रश्न विचारायचा: हे अधिक स्पष्ट सांगता येईल का? याचा विषयाशी काय संबंध? उजवीकडे एक हिरवी पट्टी असे. वाक्य सुधारलं की पट्टी वर चढे, आणि शेवटी गुण पडत. सुबोध स्वतः एकही वाक्य लिहून देत नसे. लिहायचं मुलानंच. मूल एकाच निबंधाचे चार-पाच खर्डे करी. शेवटचा खर्डा बाईंकडे येई आणि आधीचे 'सराव' नावाच्या कप्प्यात पडून राहत. तो कप्पा शिक्षकांना उघडता येत असे, पण उघडायला वेळ कुणाला होता? मारहाण, विष, गळफास असे काही शब्द आले तर सुबोध मुख्याध्यापकांना आपोआप कळवायचा, त्यामुळं काही राहून जात असेल, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

चांगलं लिहिणं म्हणजे काय, हे सुबोधला कुणी शिकवलं नव्हतं. त्याला फक्त तपासलेल्या वह्या दाखवल्या होत्या. राज्यातल्या चाळीस निवडक शिक्षकांना एका उन्हाळ्यात पुण्याला नेऊन त्यांच्याकडून दोन लाख निबंध तपासून घेतले होते. कोणत्या निबंधाला किती गुण पडले, हे बघत बघत यंत्रानं आपला नियम आपणच काढला. अर्थ त्याला कळत नव्हता. कोणते शब्द, कशी वाक्यं आणि कसा शेवट असला की गुरुजी खूश होतात, तेवढं मात्र त्याला कुठल्याही गुरुजींपेक्षा अचूक कळत होतं.

त्या चाळिसांत शैलजाबाई होत्या. त्यांचं नाव सुचवलं होतं अझहर जमादारनं. अझहर याच शाळेचा, त्यांचाच विद्यार्थी. आता तो पुण्याला सुबोध बनवणाऱ्या चमूत होता. 'मला लिहायला ज्यांनी शिकवलं त्यांचा हात यात पाहिजे,' असं त्यानं वरिष्ठांना सांगितलं होतं, आणि ते बाईंनी निदान पन्नास जणांना तरी ऐकवलं होतं.

कस्तुरीचं घर अक्कलकोटकडचं. दोन वर्षांपूर्वी ते या शहरात आले होते. घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी. वडील शरणाप्पा एका सायझिंगमध्ये बॉयलरवर होते. मागावर चढवण्याआधी सुताला खळ लावून ते वाफेवर वाळवतात, त्या कारखान्याला तिथं सायझिंग म्हणतात. सायझिंग शाळेपासून हाकेच्या अंतरावर होतं. मधल्या सुट्टीत कस्तुरी वडिलांचा डबा देऊन यायची. ती फारसं बोलायची नाही, पण तिला लिहायला आवडायचं. शब्द मात्र घरचे असायचे, आणि पिवळ्या रेघांनी पाटी भरून जायची.

'माझे वडील' हा विषय दिला होता तेव्हा एकदा ती पाटी घेऊन बाईंच्या टेबलापाशी आली होती. दोन खर्डे करूनही तिची पट्टी अडतिसाच्या वर जात नव्हती. बाई हजेरीचे आकडे भरत होत्या. त्यांनी पाटीवर नजर टाकली, पिवळ्या रेघा बघितल्या, 'बॉयलर' हा शब्द चार-पाचदा दिसला.

"विषय काय आहे? माझे वडील," बाई म्हणाल्या. "मग बॉयलरचं कशाला? वडिलांबद्दल लिही. आणि शेवट चांगला कर. वाचणाऱ्याला बरं वाटलं पाहिजे."

कस्तुरीनं मान हलवली. दोन दिवसांनी तिला एक्क्याण्णव पडले.

दिवाळीच्या सुट्टीला नऊ दिवस राहिले होते. मधली सुट्टी संपून सातवी 'ब'चा मराठीचा तास सुरू झाला होता. आवाज आला तेव्हा आधी फळा हलला आणि मग पश्चिमेकडच्या सगळ्या काचा आत आल्या. मुलं बाकांखाली गेली. बाई भिंतीला धरून उभ्या होत्या. कस्तुरी तेवढी जागेवर बसून होती. ती खिडकीकडं बघत नव्हती. ती हळू म्हणाली, "आमचा हाय तो."

सहा माणसं गेली. शरणाप्पा त्यांत होते. बॉयलरचं अर्धं धूड दोन गल्ल्या पलीकडं एका पत्र्यावर जाऊन पडलं होतं. पेपरात आलं, की पाण्याची पातळी खाली गेली असताना फायरमननं लक्ष दिलं नाही, असा प्राथमिक अंदाज आहे. फायरमन म्हणजे बॉयलरची आच आणि पाणी सांभाळणारा, म्हणजे शरणाप्पा.

कस्तुरी सुट्टीनंतर शाळेत आली. केस नीट विंचरलेले, दप्तर जागेवर. बाईंनी तिला पहिल्या बाकावर घेतलं आणि त्या आठवड्यात काही लिहू नकोस म्हणून सांगितलं. पण विषय पाटीवर आपोआप येत असत, आणि त्या आठवड्याचा विषय होता 'माझ्या आयुष्यातील अविस्मरणीय प्रसंग'. शनिवारी बाईंच्या यादीत तिचं नाव सर्वांत वर होतं. चौऱ्याण्णव.

बाईंनी निबंध उघडला. 'मानवी जीवनात सुखदुःखाचा खेळ अविरत चालू असतो,' अशी सुरुवात होती. पुढं दुर्घटनेचं वर्णन होतं, परिच्छेद पाडून. आकाशात धुराचे लोट उठले होते, सर्वत्र हळहळ व्यक्त होत होती. शेवट असा होता: 'या प्रसंगाने मला संयम आणि धैर्य यांचे महत्त्व शिकवले. बाबा आज आपल्यात नसले तरी त्यांचे संस्कार माझ्यासाठी दीपस्तंभ ठरतील.'

ती वडिलांना बाबा म्हणत नसे. आप्पा म्हणायची.

हा कितवा खर्डा, हे बघायला बाईंनी 'सराव'चा कप्पा पहिल्यांदा उघडला. खर्डा पहिलाच होता. एकाही वाक्याखाली रेघ नव्हती. खाली जुने निबंध ओळीनं होते, आणि 'माझे वडील'च्या पुढं पाच हा आकडा होता. बाईंनी पहिला खर्डा उघडला.

'आप्पा बॉयलरवर असतेत. बॉयलर म्हातारा झालाय. आधी म्हशीगत एकसारखा दम टाकायचा. आता मधीच थांबतोय. आप्पा म्हणतेत त्याच्या पोटात खडे झालेत, पोट उघडून साफ कराय पायजे. मालक म्हणतो दिवाळीनंतर. वरची शिट्टी सारखी वाजायली म्हणून मालकानं तिला तारेनं बांधलंय. मी डबा द्यायला गेलते तवा बघितलं. आप्पा म्हणले, डबा ठेव अन् पळ, हितं थांबू नको. आप्पा झोपेत पण कान देऊन असतेत. मला आप्पाची भीती वाटत नाही. आप्पासाठी वाटती.'

एकतीस गुण. जवळजवळ सगळ्या ओळींखाली पिवळी रेघ. कडेला प्रश्न होते. बोलीतील शब्द बदला. यंत्राला दम लागतो का? या माहितीचा विषयाशी काय संबंध? शेवट अपुरा वाटतो, यातून वाचकाला काय मिळाले?

दुसऱ्या खर्ड्यात म्हैस गेली होती, तार होती. अडतीस. हाच खर्डा घेऊन ती टेबलापाशी आली होती. तिसऱ्यात तार गेली आणि 'कारखान्यातील काही यंत्रे जुनी आहेत' असं आलं. सत्तावन्न. चौथ्यात बाबा सर्व अडचणींवर हसतमुखाने मात करत होते. अठ्ठ्याहत्तर. पाचवा बाईंना पाठ होता. त्यात बॉयलर नव्हताच.

त्या दिवशी बाईंनी बॉयलरबद्दल मिळेल ते वाचलं. त्या भागातलं पाणी जड. ते उकळून उकळून आतल्या नळ्यांवर क्षारांचा थर बसतो, दगडासारखा. थराच्या आड आच पाण्यापर्यंत पोचत नाही आणि नळीचं पोलाद तापून मऊ पडतं. म्हणून ठरावीक दिवसांनी बॉयलर उघडून तो थर खरवडायचा असतो. दाब वाढलाच, तर वरची झडप आपोआप उघडून शिट्टी घालत वाफ सोडते. ती झडप बांधली की काही उरत नाही. बारा वर्षांच्या मुलीनं हे सगळं सांगितलं होतं, सात आठवडे आधी, दहा-बारा वाक्यांत.

बाईंनी अझहरला फोन केला. त्यानं सांगितलं, की असं होतंय हे त्याच्या चमूला एका वर्षापूर्वीच दिसलं होतं. चाळीस शिक्षकांच्या गुणांत दोन सवयी सापडल्या होत्या. घरची बोली आली की दोन-तीन गुण कमी, आणि शेवट उदास असला की चार-पाच कमी. माणसाच्या हातून हे कधी व्हायचं, कधी नाही. यंत्रानं ते नियमासारखं धरलं आणि वीस लाख मुलांना दर वेळी, दर वाक्याला, न चुकता लावलं. मुलांचे गुण वाढत होते, म्हणून कुणी ते दुरुस्त करायला घेतलं नाही.

"त्यात माझे किती?" बाईंनी विचारलं.

"बाई, ते आता वेगळं काढता येत नाही."

"तू बघितलं असशील. सांग."

"उदास शेवटाला सगळ्यांत कमी गुण तुमचे होते," अझहर म्हणाला. "तुम्ही आम्हाला म्हणायचा ना, रडगाणं नको. मला ते तेव्हा बरोबरच वाटायचं, बाई. अजूनही मला फक्त तसंच लिहिता येतं."

त्यानं एक गोष्ट केली. परवानगी न घेता पाचही खर्ड्यांची तारीख-वेळेसह प्रत काढून बाईंना पाठवली. पेनाच्या हालचालींची नोंद असती, तर अक्षर कस्तुरीचंच आहे हे सिद्ध करता आलं असतं. पण जागा वाचवण्यासाठी ती नोंद दर आठवड्याला पुसली जाई. छापील मजकूर तेवढा उरला होता. दोन महिन्यांनी अझहरची नोकरी गेली.

बाई प्रत घेऊन स्फोटाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे गेल्या. दुसरा खर्डा आपल्यासमोर आला होता आणि आपण तो न वाचता परत पाठवला, हेही त्यांनी लिहून दिलं. मुख्याध्यापक आदल्या दिवशी घरी येऊन, तेवढं लिहू नका, असं सांगून गेले होते. बाईंनी त्यांना चहा दिला.

अधिकारी तरुण होते, वागायला सौम्य. त्यांनी खर्डा दोनदा वाचला. हे खरं असेल तर चौकशीच फिरते, असं ते म्हणाले. झडप सापडली नव्हती. वाचलेल्या कामगारांनी, शिट्टी बांधलेली आम्ही बघितली नाही, असं लिहून दिलं होतं. ते आता त्याच मालकाच्या दुसऱ्या सायझिंगमध्ये कामाला होते. शरणाप्पाची बायको सुगलाबाई पोटतिडकीनं सांगत होती, पण ती स्वतः तिथं कधी गेलेली नव्हती. तार डोळ्यांनी बघितलेली आणि आता बोलू शकणारी एकच व्यक्ती होती. लहान मुलांना उलटसुलट प्रश्न विचारून छळू नये, म्हणून त्यांच्याकडून लेखी घ्यायचं, असा नवा नियम होता. पुढच्या सोमवारी कस्तुरीनं आईसोबत यायचं ठरलं.

बाईंनी शनिवारी शाळा सुटल्यावर तिला थांबवून घेतलं. पहिला खर्डा तिच्यापुढं ठेवला. सोमवारी हेच लिहायचं, असंच, असं सांगितलं. कस्तुरीनं तो वाचला. अनोळखी कुणाचं तरी वाचावं, तसा.

"बाई, हे चुकलेलं आहे," ती म्हणाली.

"काय चुकलंय? तार नव्हती बांधली?"

"याला एकतीस पडलेत."

बाईंनी तिला समजावलं. गुण भाषेचे असतात, खरं-खोटं त्यातून ठरत नाही. तू डोळ्यांनी बघितलंस, तेच खरं. यंत्राची चूक झाली, माझीही झाली. कस्तुरी व्याकरणाचा नियम ऐकावा तसं ऐकत होती. शेवटी तिनं मान हलवली. बॉयलरचं कशाला, म्हटलं होतं तेव्हाही तिनं अशीच मान हलवली होती. त्यांना रविवारभर घरात बसवेना.

सोमवारी बाईंना खोलीत जाऊ दिलं नाही. लिहून दिलेल्या कबुलीमुळं त्या स्वतःच चौकशीत आल्या होत्या. बाहेरच्या बाकावर त्या पाऊण तास बसल्या. अधिकारी कागद घेऊन बाहेर आले आणि त्यांनी तो बाईंच्या हातात दिला. सुवाच्य अक्षरात एक पान होतं.

'बॉयलर हे उद्योगधंद्यांसाठी अत्यंत उपयुक्त यंत्र आहे. माझे वडील आपले काम निष्ठेने करत असत. मालकही कामगारांची काळजी घेत. यंत्राची नियमित देखभाल करणे ही सर्वांचीच जबाबदारी आहे. झालेली दुर्घटना दुर्दैवी होती. तिच्यातून बोध घेऊन आपण सर्वांनी सुरक्षेचे नियम पाळण्याचा संकल्प करूया.'

"मी दोनदा विचारलं, अजून काही लिहायचंय का," अधिकारी म्हणाले. "ती म्हणाली, पूर्ण झालं."

आता कुठलाही कागद यंत्राकडून लिहून घेता येत असल्यामुळं, पुराव्यात आलेला मजकूर त्याच माणसाचा आहे का, हे तपासायची पद्धत होती. कस्तुरीचा जबाब आणि तो पहिला खर्डा तपासणीला गेला. दोन्ही एकाच व्यक्तीनं लिहिले असण्याची शक्यता शंभरात चार, असं उत्तर आलं. खर्डा पुराव्यातून वगळला गेला. अधिकाऱ्यांनी फोन करून तेवढं कळवलं. तुम्ही बनावट कागद आणलात असं मी म्हणत नाही, मॅडम, एवढंही म्हणाले.

जानेवारीत अहवाल आला. पाण्याच्या पातळीकडं दुर्लक्ष केल्याचा ठपका कै. शरणाप्पा बिराजदार यांच्यावर होता. मालकाला देखभालीच्या नोंदी नीट ठेवण्याची ताकीद मिळाली. बाकीच्या पाच घरांतल्या बायका सुगलाबाईच्या दारावरून जाताना थुंकू लागल्या. तुझ्या नवऱ्यानं आमची माणसं मारली, असं एकीनं नळावर सगळ्यांदेखत म्हटलं. त्या आठवड्यात सुगलाबाईनं गावी परत जायचं ठरवलं.

दाखला न्यायला ती कस्तुरीला घेऊन शाळेत आली, सकाळी दहाच्या सुमाराला. बाहेर रिक्षात बोचकी भरलेली होती. बाईंना त्या खर्ड्यावरून कारणे दाखवा नोटीस आली होती. वर्ग काढून घेऊन त्यांना कार्यालयात बसवलं होतं, म्हणून दाखला त्यांनीच लिहिला. सुगलाबाईनं अंगठा न देता सही केली, एकेक अक्षर जोडून. मग तिनं विचारलं, की त्या कागदात ह्यांचं नाव लिहिलंय, ते खोडायचं कुणाच्या हातात असतं? बाई म्हणाल्या, वर अपील करता येतं. पण काहीतरी नवं हाती लागलं पाहिजे. असं म्हणताना त्यांनी कस्तुरीकडं बघितलं.

त्या खुर्चीवरून उठल्या, मुलीजवळ आल्या आणि तिच्यासमोर बाकावर बसल्या. टेबलावर पाटी नव्हती, कागद नव्हता. त्यांनी आपले दोन्ही हात रिकामे करून मांडीवर ठेवले.

"कस्तुरी, लिहायचं नाही. नुसतं सांग मला. त्या दिवशी डबा घेऊन गेलीस तेव्हा आप्पा काय म्हणाले?"

कस्तुरी सरळ उभी राहिली. "माझे वडील अत्यंत कष्टाळू आणि..."

"तसं नको, बाळा. घरी बोलता तसं."

ती थांबली. सुगलाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि कानडीत काहीतरी म्हटलं. कस्तुरीचे ओठ उघडले, मिटले. तिनं आईकडं बघितलं, मग बाईंच्या मागच्या भिंतीकडं. "आप्पा," ती म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली, "आप्पा..." बाई पुढं वाकल्या. बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न दिला.

कस्तुरीनं अगदी अदबीनं विचारलं, "बाई, किती ओळींत?"